वर्गाचा धर्मबाप

(आरेकिपा शहर. विद्यापीठातल्या कायदा शाखेचं अंगण. पदवीदान आत्ताच आटोपलंय. नेलिदा आणि गोन्सालो भाड्याच्या काळ्या झग्यांत बाहेर उभे आहेत. आत सभागृहात जेवणाची टेबलं मांडतायत.)

गोन्सालो : "न्यायासाठी!" एकजात सगळे! डीनबाईंनी माईक फिरवला काय आणि जो तो उठून तेच. तुम्ही कायद्याकडे का वळलात? न्यायासाठी. तुम्ही? न्यायासाठी. शेवटी शेवटी मला त्या माईकची दया यायला लागली.

नेलिदा : तू तरी कुठे मोठे दिवे लावलेस? "घराण्याची परंपरा" म्हणे.

गोन्सालो : ते निदान खरं होतं. आजोबा न्यायाधीश, बाबा वकील, काका नोटरी. आमच्या दारावर पितळी पाटी आहे, त्यावर बाबांच्या नावाखाली जागा सोडलेली आहे. कोरी. मी शाळेत जायला लागलो तेव्हापासून ती बघतोय. कामवाली बाई ती कोरी जागासुद्धा रोज घासून चकचकीत करायची.

नेलिदा : अरेरे. बिचारा.

गोन्सालो : हस, हस. मला पाव भाजायचे होते, ठाऊक आहे? खरं सांगतो. बेकरी काढायची, पहाटे उठायचं, पीठ मळायचं. एकदा जेवताना बोलून गेलो. आईनं हातातला चमचा खाली ठेवला. ओरडली नाही, काही नाही. चमचा खाली ठेवला फक्त. दुसऱ्या दिवशी प्रवेश परीक्षेच्या क्लासला माझं नाव घातलेलं होतं.

नेलिदा : आणि तो बाल्देओन पाहिलास? डोळ्यांत पाणी आणून म्हणतो, "दुबळ्यांच्या रक्षणासाठी."

गोन्सालो : दुबळ्यांच्या! एवढी वर्षं पोलिसात काढली, कुठल्या दुबळ्याला त्यानं वाचवलं विचार. त्याच्या साहेबानं एकदा सगळ्या चौकीसमोर त्याला गाढव म्हटलं होतं. आता वकिलाला डॉक्टर म्हणायची रीत, म्हणजे त्याच साहेबाला "डॉक्टर बाल्देओन" म्हणावं लागणार. त्या एका शब्दासाठी गडी रात्रपाळी करून शिकला.

नेलिदा : मारित्साचं कारण तरी खरं होतं. नवऱ्याच्या वकिलानं तिच्याकडून एक सही घेतली आणि राहतं घर गेलं. आपण कशावर सही केली ते तिला कळलंच नव्हतं. मला म्हणाली होती, "मला तो कागद एकदा नीट वाचायचा होता गं, म्हणून आले."

गोन्सालो : मग माईकवर का नाही बोलली?

नेलिदा : माईकवर कोण बोलतं? एडगर बोलला? मेडिकलला दोनदा आपटला, आणि कायद्याला गणित नसतं म्हणून आला. सांगेल तो डीनबाईंना?

गोन्सालो : तू मात्र सगळ्यांच्या तोंडाला कुलूप लावलंस हां. "मला माझ्या गावानं पाठवलं." एवढंच बोललीस आणि खाली बसलीस. आणि सगळ्यांच्या आधी टाळी कुणी वाजवली? डॉक्टर लिसारागांनी. उभे राहून.

नेलिदा : पाहिलं मी.

गोन्सालो : कौतुकानं बघत होते तुझ्याकडे.

नेलिदा : थुंकते मी त्याच्या कौतुकावर.

गोन्सालो : हळू! वर्गाचा धर्मबाप आहे तो आपल्या.

नेलिदा : तुमच्या. तुम्ही निवडलात. मी बटाटे काढायला गावी गेले होते तेव्हा मतदान उरकलंत.

गोन्सालो : नेली, हा विषय आपण किती वेळा चघळायचा? धर्मबाप म्हणजे काय असतं शेवटी? हॉल त्याचा, बँड त्याचा, आजचं जेवण त्याच्याकडून. बदल्यात वर्गाला त्याचं नाव. गळ्यात फीत घालणार, फोटो काढणार आणि उद्या आपली नावंही विसरणार. मागच्या वर्षीच्या वर्गानं बिअरच्या गुत्तेदाराला केलं होतं. तो पिऊन आला आणि भलत्याच वर्गाला आशीर्वाद देऊन गेला.

नेलिदा : बिअरवाल्यानं माझ्या बापाला मारलं नव्हतं.

गोन्सालो : लिसारागांनीही मारलं नाही. ते खाणीचे वकील होते. फिर्याद खाणीची होती. त्यांनी आपलं काम केलं.

नेलिदा : काम! ऐक आता त्याचं काम. खाणीच्या पाण्यानं नदी केशरी झाली तेव्हा आमच्या अल्पाका गाभ टाकायला लागल्या. पिल्लं पडायची ती बिनकेसांची. गावानं रस्ता अडवला. माझा बाप गावाचा अध्यक्ष, म्हणून पहिला आरोपी तो. आता शिक्षा व्हावी असं त्यात काही नव्हतं, हे लिसारागाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्याला शिक्षा नकोच होती, त्याला तारखा हव्या होत्या. बाप बसनं रात्रभर प्रवास करून यायचा, आणि इथं आल्यावर कळायचं की पुढची तारीख पडली. कधी साक्षीदार आजारी, कधी कागद अपुरे, कधी दुभाषी आला नाही. चार वर्षं, गोन्सालो! एका हिवाळ्यात तारखेहून परतताना बसतळावरच्या बाकावर बसला तो उठलाच नाही. कोर्टानं त्याला निर्दोष सोडलं तेव्हा त्याच्या थडग्यावर गवत उगवलं होतं.

गोन्सालो : मला माहीत आहे गं.

नेलिदा : तुला माहीत आहे, पण टाळ्या तू पण वाजवल्यास. असू दे. एकदा सनद हातात पडू दे. पहिला दावा नदीचा. गावानं कागद जमवून ठेवलेत, पाण्याचे नमुने, मेलेल्या जनावरांचे फोटो, सगळं. वकील तेवढा नव्हता. शहरातले वकील खाणीचं नाव ऐकून फोन ठेवतात. खालच्या गावाचं काम एकानं घेतलं, तर त्याच्यावरच चिथावणीचा खटला भरला. अजून आत आहे. म्हणून गावानं ठरवलं, आपलाच वकील करायचा. घरटी पोतं यायचं माझ्यासाठी बसवरून. सुकवलेले बटाटे, सुकं मांस. सहा वर्षं मी गावाचं खाल्लंय. आता त्याच्यासमोर उभी राहीन आणि तारखा कशा घेतात ते त्याला दाखवीन.

गोन्सालो : मग राहा की उभी! फीत घातली म्हणून तुला कोणी अडवलंय? आज त्याचं जेव, उद्या त्याच्यावर दावा लाव. वकिलीत तर हेच चालतं.

नेलिदा : तुमच्यात चालतं. म्हणून तर गावात मी कुणालाच सांगितलं नाही की वर्गाचा धर्मबाप कोण आहे. आईलासुद्धा नाही. तिला सांगितलं, पदवीदान लांबलंय, येऊ नकोस.

गोन्सालो : हं.

नेलिदा : हं काय?

गोन्सालो : काही नाही. म्हणजे… मला वाटलं होतं तू खूश होशील.

नेलिदा : गोन्सालो. काय केलंस?

गोन्सालो : तुझी आई आलीय.

नेलिदा : कुठे?

गोन्सालो : आत आहे. बस उशिरा पोचली, त्यामुळे समारंभ चुकला तिचा. मला वाटलं, आपण तुला चकित करू. सगळ्यांच्या आया आलेल्या, तू एकटीच…

नेलिदा : तुला तिचा पत्ता कुणी दिला?

गोन्सालो : पत्ता कशाला हवा? तुमच्या गावातल्या दुकानात फोन आहे, तूच त्यावर बोलतेस की. मी तिथं निरोप ठेवला, मग तिनं उलटा फोन केला. तिकीट मी पाठवलं. त्यात काय एवढं? डॉक्टरांनी सुचवलं आणि मला ते पटलं.

नेलिदा : कुठल्या डॉक्टरांनी?

गोन्सालो : लिसारागा. गेल्या आठवड्यात बाबांकडे जेवायला आले होते. म्हणाले, "ती कोपा आडनावाची मुलगी तुमच्याच वर्गात ना? तिच्या आईला बोलवा. आईशिवाय कसलं पदवीदान?" मला बरं वाटलं ऐकून. म्हटलं, माणूस आपण समजतो तेवढा वाईट नाही.

नेलिदा : आईच्या हातात काही होतं का?

गोन्सालो : गाठोडं होतं. काय वास येत होता त्याला! मला म्हणाली, "धर्मबाप कुठाय?" मी घेऊन गेलो तिला त्यांच्याकडे.

नेलिदा : गाठोड्यात काय होतं?

गोन्सालो : भाजलेले कुई. अख्खेच्या अख्खे गिनीपिग, दात दिसत होते बिचाऱ्यांचे. पाव, कोकाची पानं, एक बाटली. तिनं सगळं कापडावर मांडलं, त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसून. मला जरा अवघडल्यासारखं झालं, पण डॉक्टर इतके छान वागले म्हणून सांगू! खाली वाकले, दोन्ही हातांनी घेतलं.

नेलिदा : दोन्ही हातांनी.

गोन्सालो : हो. आणि एक तंगडी तोडून तिथंच खाल्ली. हात तेलकट झाले तरी फिकीर नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग तुझ्या आईनं त्यांच्या डोक्यावर रंगीत कागदाच्या टिकल्या टाकल्या. त्यांनी तिला मिठी मारली. एकदा इकडून, एकदा तिकडून, परत इकडून. आणि काहीतरी बोलले. तुमच्या भाषेत.

नेलिदा : केचुआत? लिसारागा केचुआत बोलला?

गोन्सालो : अगदी सफाईनं. तुझी आई मान डोलवत होती.

नेलिदा : चार वर्षं त्यानं कोर्टात दुभाषी मागितला. माझा बाप बोलायचा आणि तो कपाळाला आठ्या घालून दुभाष्याकडे बघायचा. "महोदय, मला एक अक्षर कळलेलं नाही." दुभाषी नाही आला की तारीख! आणि हा माणूस केचुआ बोलतो!

गोन्सालो : तू रडतेयस की हसतेयस?

नेलिदा : मला सांग, तो कोमाद्रे म्हणाला का तिला?

गोन्सालो : हो, ते कळलं मला. कोमाद्रे इलारिया. का गं? तुझा चेहरा का असा झाला?

नेलिदा : संपलं.

गोन्सालो : काय संपलं?

नेलिदा : तुमच्याकडे धर्मबाप म्हणजे जेवण घालणारा. आमच्याकडे माझा धर्मबाप म्हणजे माझ्या आईचा धर्मभाऊ, आणि ती त्याची कोमाद्रे, धर्मबहीण. सख्ख्या भावाहून जवळचा. घरचा कुई भाजून पुढं ठेवला, त्यानं दोन्ही हातांनी घेतला, खाल्ला, की झालं नातं. मरेपर्यंत. आणि धर्मभावावर दावा लावायचा नसतो.

गोन्सालो : लावायचा नसतो म्हणजे? कोण अडवतं? सही नाही, शिक्का नाही…

नेलिदा : माझ्या चुलत्याच्या शेतात त्याच्या धर्मभावाच्या मेंढ्या शिरल्या. सगळं पीक खाल्लं. दुसऱ्या कुणाच्या असत्या तर चुलत्यानं त्याला सभेत फरफटत नेलं असतं. तो काही बोलला नाही. त्या वर्षी आमच्याकडून बटाटे नेले त्यानं. आणि एकानं नातं मोडलं होतं, पलीकडच्या वाडीतल्या. धर्मभावावर जमिनीचा दावा लावला. जिंकला. पण त्याच्या शेतात पेरणीला पुन्हा कुणी माणूस आलं नाही. कुणी त्याच्याशी भांडलं नाही, कुणी काही म्हटलं नाही. येणं बंद झालं फक्त. शेवटी विकून गेला कुठंतरी.

गोन्सालो : पण लिसारागांना हे कुठून माहीत असणार? त्यांना आपलं वाटलं असेल, म्हातारीचं मन राखावं…

नेलिदा : खाणीसाठी वीस गावं पिंजून काढलीत त्यानं! त्याला माहीत नसेल तर कुणाला असेल? तूच सांगितलंस ना, दोन्ही हातांनी घेतलं? शहरातला माणूस एका हातानं घेतो.

गोन्सालो : देवा. नेली, मला खरंच कल्पना नव्हती. शपथ घेऊन सांगतो.

नेलिदा : तुला कशी असेल? तू फक्त फोन केलास. आणि माझी आई बिचारी, भोळी, दोन कुई मारून घेऊन आली…

गोन्सालो : आली बघ.

इलारिया : नेली! अगं इथं काय उभी राहिलीस थंडीत? बघू तुला. ये, वाक जरा. केवढी उंच दिसतेस या काळ्या कपड्यात.

नेलिदा : आई, काय करून बसलीस तू?

इलारिया : आधी गळ्यात तरी पड. रात्रभर बसमधे बसून आलेय.

नेलिदा : तो कोण आहे माहीत आहे का तुला? ज्याच्यापुढं गुडघे टेकलेस तो?

इलारिया : माहीत आहे.

नेलिदा : नाही माहीत! तो लिसारागा आहे, आई. खाणीचा वकील. पोट सुटलंय, केस पांढरे झालेत, म्हणून तुला ओळखू आला नसेल…

इलारिया : मला? चार वर्षं कोर्टातल्या बाकावर तुझ्या बापाशेजारी कोण बसायचं? तू होतीस घरी मेंढरं राखत. त्याच्या बुटांचा आवाज ओळखते मी. तो जिना चढायला लागला की तुझ्या बापाच्या हातातली टोपी हलायला लागायची. मी धरून ठेवायची ती.

नेलिदा : मग?

इलारिया : मग काय?

नेलिदा : ओळखून केलंस?

गोन्सालो : मी आत जातो. तुम्ही बोला.

इलारिया : थांब पोरा. तू फोन केलास, तिकीट पाठवलंस. तुझ्यापासून काय लपवायचं? होय, ओळखून केलं. तुझ्या या मित्रानं फोनवर सांगितलं, धर्मबाप डॉक्टर लिसारागा आहेत आणि त्यांनीच मला बोलवायला सांगितलंय. तेव्हाच मला कळलं त्याला काय हवंय. दुकानातून घरी येईपर्यंत विचार केला. घरी आले आणि दोन चांगले नर काढून बाजूला ठेवले.

नेलिदा : म्हणजे तो आणि तू… दोघांनी मिळून?

इलारिया : त्याला त्याची खाण वाचवायची होती. मला तू.

नेलिदा : मला कुणापासून वाचवत होतीस? मला काही झालेलं नाही!

इलारिया : तुझ्या बापालापण काही झालेलं नव्हतं. चांगला धडधाकट होता, पोती उचलायचा. त्याला कुणी काठी मारली नाही, गोळी घातली नाही. तारखेला बोलवत राहिले. खालच्या गावाचा वकील बघितलास ना? त्याची आई बाजारात भेटते मला. दर बाजारी भेटते. मी तिच्याकडून चीज घेते आणि तिच्या तोंडाकडं बघायचं टाळते.

नेलिदा : मला भीती वाटत नाही.

इलारिया : मला वाटते. तुझ्या बापाची माती ओली होती तेव्हा सभा भरली. गावातला साबिनो उठला नि म्हणाला, अन्सेल्मोची पोरगी हुशार आहे, तिला वकील करू. सगळ्यांनी हात वर केले. मीपण केला. सगळ्या बाया माझ्याकडं बघत होत्या. तो हात कसा वर गेला ते माझं मला ठाऊक. घरी आलीस तू आणि गोठ्यामागं जाऊन रडलीस. तुला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. तुला वाटलं मला दिसलं नाही.

नेलिदा : तेव्हा का नाही बोललीस?

इलारिया : तेव्हा कसं बोलणार? मग पोती यायला लागली. आज याच्या घरचं, उद्या त्याच्या. मी ती बसवर चढवून द्यायची. प्रत्येक जण पोतं खांद्यावरून उतरवताना विचारायचा, "झाली का गं वकील?" प्रेमानंच विचारायचे. आणि मला वाटायचं, सणाआधी कोकराला चारतात, तसं चाललंय हे. चांगलं चारतात, मायेनं चारतात.

नेलिदा : आई, पहिल्यांदा गावाची इच्छा होती, हो. पहिली दोन वर्षं मी नुसती घोकंपट्टी केली. पण नंतर… मला आवडायला लागलं होतं गं! मला कळायला लागलं होतं की ते कसे जिंकतात. कुठं खोटं घुसवतात, कुठं वेळ काढतात. मला वाटायचं, बाबांना हे माहीत असतं तर! ते माझं झालं होतं सगळं. आधी गावानं ठरवलं, आता तू ठरवलंस. मला कुणी कधी विचारायचं?

इलारिया : विचारलं असतं तर तू हो म्हणाली नसतीस.

नेलिदा : नसतेच म्हणाले!

इलारिया : म्हणून नाही विचारलं.

गोन्सालो : पण इलारियाबाई, माफ करा, मधे बोलतो. लिसारागा हे नातं पाळतील असं तुम्हाला वाटतं? उद्या खाणीनं सांगितलं तर ते तुमच्याच गावावर परत खटला भरतील. त्यांच्या लेखी आजची गंमत झाली. एक फोटो.

इलारिया : तो कशाला पाळेल? न पाळो तो. आम्ही पाळतो ना.

गोन्सालो : मग उपयोग काय?

नेलिदा : तुला अजून नाही कळलं? गाव पाळेल. सभेत आई उभी राहून सांगेल, "त्यानं माझ्या हातचं खाल्लं, तो नेलीचा धर्मबाप झाला." सगळे माना खाली घालतील. कुणी मला म्हणणार नाही की नातं मोड आणि दावा लाव. आणि मी आपणहून लावला, तर म्हणतील, जी धर्मबापाची झाली नाही ती आपली काय होणार? कागदावर एक अंगठा मिळायचा नाही मला.

इलारिया : हुशार आहे माझी पोर. साबिनो खोटं बोलला नव्हता.

नेलिदा : नको बोलूस तसं. नको.

गोन्सालो : मी घेतो.

नेलिदा : काय?

गोन्सालो : दावा. नदीचा. मी घेतो ना! माझ्या आईनं कुणाला कुई दिलेला नाही. माझं त्यांच्याशी तसलं काही नातं नाही. सनद मलाही मिळणारच आहे. कागद तू तयार कर, उभा मी राहतो.

नेलिदा : खरंच?

गोन्सालो : का नाही?

नेलिदा : मग चल. आत्ता. आत जाऊन सांगू त्याला. त्याच्या तोंडावर सांग.

गोन्सालो : आत्ता म्हणजे… आत्ताच कशाला?

नेलिदा : काय झालं?

गोन्सालो : नेली, सोमवारपासून मी… त्यांच्याकडे रुजू होतोय. त्या जेवणाच्या दिवशीच ठरलं. बाबा म्हणाले, पाटीवर नाव यायच्या आधी दोन-चार वर्षं मोठ्या कचेरीत काढ. मी तुला सांगणारच होतो. पण बघू ना, मी बाबांशी बोलतो, म्हणजे एक वर्षानंतर कदाचित…

नेलिदा : तुझ्या आईनं चमचा खाली ठेवला की बोलशील.

गोन्सालो : हे लागट बोललीस.

नेलिदा : लागू दे.

इलारिया : नको गं त्याला बोलू. त्याचा काय दोष? पोरा, तू आत जा. तुझी माणसं शोधत असतील तुला. मघाशी एक बाई विचारत होती, लाल टोपीतली.

गोन्सालो : आई आहे ती माझी. जातो. नेली, मी… जातो.

नेलिदा : जा.

इलारिया : चांगला पोरगा आहे. घाबरट आहे जरा.

नेलिदा : मलाही टेबल देतोय का लिसारागा? त्याच्या कचेरीत?

इलारिया : म्हणाला तसं. "पोरीची काळजी करू नका, कोमाद्रे, मी आहे."

नेलिदा : तू काय म्हणालीस?

इलारिया : देव तुमचं भलं करो म्हटलं. तिथं दुसरं काय म्हणणार? तू नको जाऊ त्याच्याकडं. तुला जायला लावायला नाही केलं मी हे. नवरा-बायकोची भांडणं सोडव, वाटण्या कर, भाडेकरूंची कामं घे. ती तुझी मैत्रीण आहे ना, घर गेलेली, तिचं घर परत मिळवून दे. पुष्कळ काम असतं जगात. नदीचं तेवढं नको.

नेलिदा : आणि नदी?

इलारिया : वाहतेय तशी वाहील.

नेलिदा : तू त्याला माफ केलंस का आई?

इलारिया : नाही.

नेलिदा : मग त्याच्या गळ्यात कशी पडलीस? तीन वेळा?

इलारिया : पहिल्या वेळेला अवघड गेलं. मग तुझ्या बापाचं नाव घेतलं मनात. त्याची माफी मागितली. मग झालं.

नेलिदा : मी मोडेन हे नातं. सांगून ठेवते. मी उद्या तुझ्याबरोबर बसनं येते आणि सभेत उभी राहून सांगते की आईनं मला न विचारता केलं. त्यानं कपटानं घेतलं. गाव ऐकेल माझं. फाउस्तिना आजी ऐकेल. हिमानं सगळं पीक जळालं त्या वर्षीसुद्धा तिनं माझं पोतं चुकवलं नाही. स्वतःच्या नातवंडांच्या तोंडचं काढून पाठवलं. ती ऐकेल.

इलारिया : फाउस्तिना माझ्या तोंडावर थुंकेल. तिचा हक्क आहे. मी पुसून घेईन. पण तुला ती जवळ घेईल, रडेल, म्हणेल, "आमचं नशीब." आणि दुसऱ्या दिवशी तू दिसलीस की तिला ते पोतं आठवेल. तिसऱ्या दिवशी पण आठवेल. साबिनोला आठवेल. रस्त्यानं जाशील तर पोरंसोरं बघतील, ही बघ, हिला आपण वकील केली. तुला बोलणार कुणी नाही, नेली. तूच म्हणालीस ना मघाशी, बाहेर येताना ऐकलं मी. येणं बंद होतं फक्त.

नेलिदा : तुझ्याकडं पण बंद होईल मग.

इलारिया : माझं होऊ दे. माझा माणूस तिथं पुरलाय, मला तिथंच राहायचंय. एक वाफा मी एकटी पेरू शकते.

नेलिदा : मी येणार उद्या. तू काहीही म्हण. माझं गाव आहे ते.

इलारिया : होतं लेकरा.

नेलिदा : आई!

इलारिया : तू नको येऊस आता. सणाला नको, पेरणीला नको. मी मेले तर बघ काय ते. तोवर मीच येत जाईन तुझ्याकडं.